पळवाट नसलेला समुद्र

दुकानातल्या काचपेटीत तो जेमतेम दोन इंचांचा असतो. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आणि पोहणे असे डौलदार की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. हा पँथर ग्रुपर. आपल्याकडच्या हेकरूच्या गोतावळ्यातला. घरातले मूल त्याच्याकडे बोट दाखवते आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो घरी येतो. समुद्रात हाच मासा ७० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो, हे तेव्हा कुणी सांगत नाही. काही महिन्यांनी टाकीतले लहान मासे एकेक करून नाहीसे होऊ लागतात. घरची मंडळी पाण्याला दोष देतात, मिठाच्या प्रमाणाला देतात. दोष असतो तो निवडीचा.

खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे ‘आक्रमक’ हा शब्द फार सैलपणे वापरतात. त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. एक भूक आणि दुसरी हद्द. लायनफिश कुणाशी भांडत नाही. पंखासारखे पर पसरून तो संथ तरंगत असतो आणि संधी साधून आपल्या निम्म्या लांबीचा मासाही एका घासात गिळतो. ही भूक झाली. याउलट डोमिनो डॅम्सेल हा काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला छोटासा मासा कुणाला खात नाही. पण दगडाचा एक कोपरा एकदा आपला मानला की दुपटीने मोठ्या माशालाही तिथून पिटाळतो. ही हद्द. भुकेच्या माशाला सोबती द्यायचा तो त्याच्या तोंडात न मावणारा. हद्दीच्या माशाला सोबती द्यायचा तो त्याच्यासारखा न दिसणारा आणि त्याच्यासारखे न खाणारा.

हा दुसरा नियम कुठून आला? ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९६३ साली आक्रमकतेवर एक पुस्तक लिहिले. त्याची सुरुवातच प्रवाळातल्या माशांपासून होते. या माशांचे भडक रंग म्हणजे स्वजातीयांना दिलेला ‘इथे मी राहतो’ असा इशारा, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्या निरीक्षणांत मात्र हे चित्र अपुरे ठरले. शेवाळावर जगणारे काही डॅम्सेल रंग न पाहता शेवाळ खाणाऱ्या कुठल्याही माशावर धावून जातात, असे आढळले. दोन्हींचा मथितार्थ एकच : भांडण होते ते ज्याला आपल्यासारखेच काही हवे आहे त्याच्याशी.

प्रवाळावर हे भांडण फार काळ चालत नाही. हरलेला मासा काही हात दूर पळतो, जिंकलेला आपल्या कपारीत परततो. टाकीत मात्र पळणार कुठे? सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. आपल्या दिवाणखान्यात ती अवाढव्य वाटते. पण हरलेला मासा तिथे चोवीस तास विजेत्याच्या नजरेसमोर असतो. तो खाणे सोडतो, त्याचे पर फाटतात, मग रोग शिरतो. समुद्रात क्षणात मिटणारे भांडण इथे मरणानेच मिटते.

म्हणून निवडीइतकाच क्रमही महत्त्वाचा. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात स्वस्त आणि काटक म्हणून आधी डॅम्सेल सोडायचे, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. परिणाम मुंबईकराला समजावून सांगायला नको : पहिला भाडेकरूच मालक होऊन बसतो. मवाळ मासा आधी, दांडगा शेवटी, हाच क्रम योग्य. जुन्या टाकीत नवा मासा सोडायचाच असेल, तर आधी दगडांची मांडणी बदलावी. जुन्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळेच पुन्हा नवखे होतात.

सहा फुटी टाकीत स्नोफ्लेक मोरे, लायनफिश आणि फॉक्सफेस हे तिघे नांदू शकतात. वामेसारखा लांबट दिसणारा मोरे मुख्यतः खेकडे-कोळंबी खातो, फॉक्सफेस शेवाळ खातो, आणि त्याच्या विषारी काट्यांमुळे कुणी त्याच्या वाटेला जात नाही. तिघांचे ताट वेगळे. मात्र मोरे फटीतून बाहेर निसटतो, तेव्हा झाकण घट्ट हवे. आणि लायनफिशही विषारी काट्यांचा, तेव्हा टाकीत हात घालताना सावध असावे. ट्रिगरफिश या तिघांत आणू नये. तो लायनफिशचे लांब पर कुरतडतो. त्यातही नारिंगी रेघांचा अनड्युलेटेड ट्रिगर एकटाच ठेवलेला बरा.

चुकलेली निवड काचेआडच राहते असेही नाही. लायनफिश हा मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. १९८५ साली तो अमेरिकेत फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आढळला आणि पुढे कॅरिबियन समुद्रभर पसरून तिथले लहान मासे फस्त करू लागला. तो तिथे पोचला तो बहुधा नकोसे झालेले मासे समुद्रात सोडून देणाऱ्या छंदिष्टांमुळे.

क्लाउनफिशसारखे काही मासे आता हॅचरीत वाढवले जातात. पण बाजारातल्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या बहुतेक जाती आजही प्रवाळांवरूनच पकडून आणल्या जातात. तेव्हा पिशवी हाती घेण्यापूर्वी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत : हा किती वाढेल, काय खाईल, आणि कुणाला आपला शत्रू मानेल? उत्तर मिळाले नाही, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परतावे. मूल थोडे हिरमुसेल. पण टाकीतला एखादा जीव वाचेल.