उजळणीचा सोबती : प्रश्न

वार्षिक परीक्षा जवळ आली, की शाळेच्या व्हरांड्यात दोन-दोन, तीन-तीन विद्यार्थी इतिहासाचे पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले दिसतात. एकजण पुस्तक झाकून विचारतो, "अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा केव्हा निघाला?" दुसरा उत्तरतो, "४ जुलै १७७६." पुष्कळ पालकांस हा अभ्यास नसून गप्पांचाच एक प्रकार वाटतो. मुलाने एकांतात बसून धडा दहा वेळा वाचावा, अशी त्यांची अपेक्षा असते. आमचे मत याहून निराळे आहे, आणि त्यास आधारही आहे.

वाचलेले विसरणे हा मनुष्यस्वभावच आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून विस्मरणाचे मोजमाप केले व ते १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी पुष्कळसे पहिल्या काही तासांतच नाहीसे होते, व त्यापुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यास आढळले. मग उपाय कोणता? अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला; काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांस सुमारे ४२ टक्के, तर आठवणाऱ्यांस सुमारे ५६ टक्के मजकूर स्मरत होता.

याचे इंगित असे : पुस्तक उघडे असता प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो. पुस्तक मिटून कोणी प्रश्न केला, म्हणजे ओळख कोणती व ज्ञान कोणते हे तत्काळ कळते. शिवाय आठवण्याच्या त्या श्रमानेच स्मृती बळकट होते.

परंतु प्रश्न केवळ सनावळीचे असून भागत नाही. 'केव्हा' नंतर 'का' आणि 'का' नंतर 'मग काय झाले' असे प्रश्न आले पाहिजेत. अमेरिकेचाच इतिहास घ्या. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. तो चहा कोणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा! १७८१ साली यॉर्कटाउन येथे शरण आलेला इंग्रज सेनापती कोण? कॉर्नवॉलिस. पुढे त्याचे काय झाले? १७८६ साली तोच गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि टिपूविरुद्धच्या युद्धात निजाम व पेशवे त्याच्या बाजूस होते.

आणखी एक प्रश्न आपल्या जिल्ह्यातील मुलांनी एकमेकांस अवश्य विचारावा : अमेरिकेतील यादवी युद्धाचा आपल्या कापसाशी काय संबंध? लँकेशायरच्या गिरण्यांस लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून, गुलामांच्या श्रमांतून येत असे. १८६१ साली युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, आणि हिंदी कापसाचे भाव गगनाला भिडले. पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. तेथील कापूस मुंबईकडे धावू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले व कितीएक पेढ्या बुडाल्या. दूरदेशीच्या लढाईने आपल्या शेजारच्या शेतकऱ्याचे नशीब कसे पालटते, हे ज्याने एकदा सांगून पाहिले तो १८६१ ते १८६५ ही साले विसरणार नाही. त्याच गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांस महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला.

या पद्धतीत एक धोकाही आहे. विचारणारा व सांगणारा दोघेही चुकीच्याच उत्तरावर एकमत झाले, तर ती चूक दोघांच्याही मनात पक्की बसते. "लिंकनने १८६३ साली सर्व गुलाम मुक्त केले" हे उत्तर नेहमी ऐकू येते. वस्तुतः तो जाहीरनामा बंड केलेल्या प्रांतांपुरताच होता. सर्व देशातील गुलामगिरी १८६५ च्या डिसेंबरात, राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने संपली. म्हणून नियम असा, की उत्तर दिल्यावर पुस्तक उघडून ताळा पाहावा. आधी उत्तर, मग पुस्तक. हा क्रम उलटा करू नये. चुकलेले प्रश्न वहीत टिपून ठेवावेत, दोन दिवसांनी पुन्हा विचारावेत, आणि आठवड्याने आणखी एकदा. विचारणारा व सांगणारा यांनी आळीपाळीने जागा बदलावी, कारण चांगला प्रश्न काढावयासही धडा समजावा लागतो. चुकणाऱ्यास हसू मात्र नये. हसण्याच्या भीतीने तो उद्यापासून गप्प बसेल, आणि त्याची चूक परीक्षेच्या दिवशीच उघडी पडेल.

आमची घरची बोली कोकणी. एखादी गोष्ट कोकणीत सांगता आली, म्हणजे ती आम्हांस उमगली असे आम्ही समजतो. आदिलाबादेत मराठीबरोबर तेलुगू, उर्दू, गोंडी या भाषाही मुलांच्या कानांवर पडतात. आपले उत्तर प्रथम घरच्या बोलीत सांगावे, नंतर परीक्षेच्या मराठीत. पाठ केलेले वाक्य या वाटेने जात नाही. समजलेला अर्थच जातो.

पालकांसही एक विनंती. इतिहास आपण शिकला नसाल तरी चिंता नाही. संध्याकाळी पुस्तक हाती घेऊन मुलास एवढेच विचारावे : "हे असे का झाले, मला समजावून सांग." ज्या घरात असा प्रश्न विचारला जातो, त्या घरातील मूल परीक्षेला एकटे जात नाही.