परागकणाची शिदोरी

तेलताडाच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलोरे येतात, पण आळीपाळीने. त्यामुळे पराग बहुधा दुसऱ्या झाडावरूनच यावे लागतात. मलेशियातल्या मळ्यांत पूर्वी मजूर हातानं पराग टाकत फिरायचे. १९८१ मध्ये कॅमेरूनचा एक इवलासा सोंड्या भुंगेरा तिथं सोडला आणि ते काम त्यानं उचललं.

बियाण्याच्या बागेत मात्र त्याच्यावर भिस्त ठेवून चालत नाही. जाड कवचाची ‘ड्युरा’ आई आणि बिनकवचाचा ‘पिसिफेरा’ बाप यांच्या संकरातून पातळ कवचाचा ‘टेनेरा’ मिळतो. लागवड त्याचीच होते. म्हणून मादी फुलोरा उमलण्याआधीच त्यावर पिशवी चढवतात आणि गोठवून ठेवलेले पिसिफेराचे पराग शंखजिऱ्याच्या पुडीत मिसळून आत फुंकतात.

ते पराग कामाचे आहेत का, हे आधी तपासतात. साखर आणि बोरिक आम्लाच्या थेंबात टाकलेला कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. बरेच कण तिकोनी, अंगावर तीन फाट्यांची चीर. कोरडा कण पाणी पितो, टम्म फुगतो आणि दोनेक तासांत चिरेतून नळी डोकावते. फुलात याच नळीतून शुक्रपेशी बीजांडापर्यंत जातात.

नळीसाठी इतक्या झटपट लागणारी प्रथिनं येतात कुठून? एरवी जनुकावरून आरएनएची प्रत निघते, मग त्या प्रतीवरून प्रथिन घडतं. पण अनेक वनस्पतींच्या परागांत औषध घालून नव्या प्रती काढणं बंद पाडलं, तरी नळी फुटते. प्रथिनं घडणंच बंद पाडलं, तर बहुतेकदा काम अडतं. म्हणजे प्रती आधीच काढून ठेवलेल्या असतात. परागकोशात पिकतानाच कण ही शिदोरी बांधून घेतो. ट्रॅडेस्कँशिया या बागेतल्या रोपाच्या परागात अशा सुमारे २०,००० प्रकारच्या प्रती असल्याचा अंदाज जोसेफ मस्कारेन्हस आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडला. एवढ्याशा कणाच्या मानानं हा आकडा अचाटच!

या साठ्यातल्या प्रतींवरून नळीच्या भिंतीसाठी पेक्टिन हाताळणारी विकरं घडतात, ज्यांवरून टोकाकडे माल जातो त्या ॲक्टिन धाग्यांची प्रथिनं घडतात आणि कॅल्शियमची पातळी सांभाळणारीही घडतात. वाढ फक्त टोकाला होते, म्हणून सगळी धांदलही तिथेच. नळी लांबू लागली की बऱ्याच वनस्पतींत नवी जनुकंही कामाला लागतात.

म्हणूनच परागाला नुसता रंग देऊन तो जिवंत आहे असं ठरवणं मला अपुरं वाटतं. रंग धरणाऱ्या प्रत्येक कणाला नळी फुटतेच असं नाही. बियाण्याच्या बागेत मोजायच्या त्या नळ्याच.