कोंडलेली हवा

जालन्याकडील जुन्या धाब्याच्या घरांत छताच्या झरोक्यावाटे धूर नि कोंदट हवा निघून जाई. हल्लीं पारा ४० अंशांपुढें चढला कीं गारवा टिकविण्यासाठीं आपण दारांच्या फटीहि बुजवितों! जमिनींतील युरेनियमपासून निपजणारा रेडॉन वायु फरशीच्या भेगांतून येऊन अशाच खोलींत सांचतो. त्यास रूप नाहीं, गंध नाहीं. परंतु कित्येक देशांत फुप्फुसांच्या कर्करोगाचें धूम्रपानाखालोखाल तेंच कारण. आपल्या काळ्या पाषाणांत युरेनियम ग्रॅनाइटच्या मानानें अल्प, हें सुदैव. तथापि घरांतील हवा मोजल्यावांचून निर्धास्त कसें राहावें? थंड देशांत बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब पातळ पत्र्याआडून आंत येणाऱ्या ताज्या हवेस देणारें यंत्र बसवितात. आपल्याकडे तेंच यंत्र गारवा वांचवील, वीजहि. तोंवर पहांटे तासभर खिडक्या सताड उघडाव्या.