चूक पुतळ्यावरच होऊ द्या

रात्री वॉर्डात कुणाचं हृदय थांबलं, तर सर्वांत आधी पोहोचते ती नर्स. आम्ही डॉक्टर मागून धावत येतो. मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जाईल असा दाब द्यायचा. वाचायला सोपं आहे. हातांना ते सरावानेच कळतं.

म्हणून पुतळा. कल्पना जुनीच आहे. 1911 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड रुग्णालयात नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी ‘मिसेस चेस’ ही माणसाएवढी बाहुली आली. आजच्या पुतळ्यांना नाडी असते, काही कण्हतातही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वॉर्डातले निम्मे तास अशा सरावाला दिले, तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत. मात्र तिथे शिक्षकांनाही खास तयार केलं होतं. नाहीतर महागडा पुतळा कपाटातच राहतो, तेही पाहिलंय.

खरं शिक्षण होतं सरावानंतरच्या बोलण्यात. हात कुठे थांबले? मदतीला हाक का मारली नाही? एक विद्यार्थिनी दाब सोडून नाडीच शोधत राहिली. नंतर डोळे भरून म्हणाली, “सर, खरा पेशंट असता तर?”

मी तिला पुन्हा पुतळ्याजवळ उभं केलं.