प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंवर विषाणूंचा उतारा

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार जणांचा मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. अशा संसर्गावर जीवाणुभक्षी विषाणू, अर्थात बॅक्टेरिओफेज, उपयुक्त ठरू शकतील, असे शास्त्रज्ञांना वाटते.

हा विषाणू जीवाणूला चिकटून आपले जनुकीय द्रव्य त्याच्यात सोडतो. आत नवे विषाणू तयार होतात आणि जीवाणू फुटून नष्ट होतो. मानवी पेशींना मात्र हा विषाणू संसर्ग करीत नाही.

फेलिक्स देरेल यांनी १९१७ साली पॅरिस येथे या विषाणूंविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. पुढे प्रतिजैविके उपलब्ध झाल्यावर पाश्चात्त्य देशांत ही उपचारपद्धती मागे पडली. जॉर्जियातील तिबिलिसी येथे ती सुरूच राहिली. अमेरिकेत सॅन दिएगो येथील प्राध्यापक टॉम पॅटरसन २०१६ साली या उपचारानंतर मरणाच्या दारातून परतले आणि या पद्धतीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

तथापि, एक विषाणू जीवाणूंच्या ठरावीक वाणांवरच परिणाम करतो. त्यामुळे रुग्णाच्या शरीरातील जीवाणू तपासून त्यास अनुरूप विषाणू शोधावा लागतो. जीवाणू या विषाणूंनाही प्रतिकार करू लागतात, म्हणून अनेकदा विषाणूंचे मिश्रण दिले जाते. भाजलेल्या रुग्णांवरील एका युरोपीय चाचणीत हा उपचार प्रचलित मलमापेक्षा संथ ठरला. साठवणुकीत औषधातील विषाणूंचे प्रमाण घटल्याचे त्यावेळी आढळले. मोजक्या रुग्णांच्या यशावरून सर्वांसाठी औषध सिद्ध होत नाही. त्यासाठी व्यापक चाचण्या आवश्यक आहेत.