माजघरातला उजेड

सकाळचे साडेदहा वाजून गेलेत. ऑक्टोबरचं ऊन उंबऱ्यापाशी येऊन थांबलंय आणि त्याच्या आत एका पावलावर काही म्हणजे काही दिसत नाही. बाहेर कापणीला आलेलं भात पिवळंजर्द उभं आहे. तिकडून आत वळलं की आधी नुसता काळोख. मग त्यातून पितळेची कळशी वर येते, मग भिंतीतला कोनाडा, मग मडक्यांची उतरंड.

गागोदे बुद्रुकला येणारी बहुतेक माणसं विनोबांचं जन्मघर बघतात आणि पेणच्या वाटेला लागतात. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे इथं जन्मले म्हणून बाहेरच्यांना हे गाव माहीत. मी आलोय ते दुसऱ्याच एका घरात. पुढच्या ओटीवर लादी बसलीय, पण मागचं माजघर आणि चुलीची खोली अजून सारवणाची आहे. दिवाळीनंतर कौलं उतरणार आणि स्लॅब पडणार. त्याआधी जुन्या घराचे नीट फोटो असावेत, असं घरच्या मुलाच्या मनात आलं. तो हंगामात पेणजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना शेड मारतो. सध्या हंगाम संपलाय, त्यामुळे माझ्यामागं बॅग घेऊन उभा आहे.

“अंधारात कसले फोटो काढताय?” काकू विचारतात. “बल्ब लावू का?”

“नको काकू. आहे तेवढाच उजेड हवा.”

“आहे कुठं उजेड?” असं म्हणून त्या त्याच अंधारात सूप घेऊन तांदूळ निवडायला बसतात. खडा सापडला की बाजूला टाकतात. मला सूपसुद्धा धड दिसत नाहीये.

कॅमेरा एफ-८ वर, आयएसओ १००. दारातून दिसणाऱ्या शेताला १/५०० सेकंद पुरतो. तोच कॅमेरा उतरंडीकडे वळवला की मीटर दोन सेकंद मागतो. म्हणजे हजार पटीचा फरक, फोटोवाल्यांच्या भाषेत दहा स्टॉप. हे झालं दोन्हीकडचं सरासरी मोजमाप. उतरंडीच्या पोटाखालची सावली त्याहून खाली जाते आणि शेतापलीकडच्या ढगाची कड त्याहून वर. चांगला सेन्सर एका वेळी बारा ते चौदा स्टॉप धरतो, छापील कागद जेमतेम सहा-सात. सगळं एका फोटोत मावणार नाही हे उघड आहे. शेत सांभाळलं की घर बुडतं, घर उचललं की दारात पांढरा चौकोन उरतो.

यावरचा उपाय जुना आहे. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे समुद्राची एक काच घ्यायचा, आभाळाची दुसरी, आणि दोन्ही एका कागदावर छापायचा. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी त्याचं पक्कं गणित मांडलं: एकाच दृश्याचे कमीजास्त उजेडाचे फोटो घ्या, त्यांवरून प्रत्येक ठिकाणचा खरा उजेड काढता येतो. खरा उजेड काढणं हा सोपा भाग. तो कागदावर किंवा पडद्यावर बसवायला दाबावा लागतो, आणि एचडीआर या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीची बदनामी झाली ती या दाबादाबीत.

शटर पडायला लागतं. १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२, दोन सेकंद. एफ-८ हललेलं नाही, फोकस हललेला नाही, बदलतोय फक्त वेळ. शटरला बोट लावायचं नाही म्हणून केबल. शेवटच्या दोन सेकंदांत काकूंचं सूप एकदा पाखडलं जातं.

“हलले का मी?”

“हललात. पण ते राहू दे.”

खरी पंचाईत वाऱ्याची आहे. भाताच्या लोंब्या प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी आहेत. सगळे फोटो एकत्र झाले की शेताला भुतं लागतात, एका लोंबीच्या तीन फिकट लोंब्या. म्हणून शेत एकाच फोटोतून घ्यायचं, १/५०० च्या, आणि बाकीच्यांना दाराबाहेर फिरकू द्यायचं नाही. धुराचंही तसंच. चुलीच्या खोलीत एक काचेचं कौल आहे, त्यातून उन्हाची तिरीप खाली उतरलीय आणि तिच्यात धूर वळसे घेतोय. काळ्याकुळकुळीत वाशांच्या खाली तेवढा एक तिरका पट्टा. १/३० ला धुराचे पदर सुटे दिसतात, दोन सेकंदांना नुसतं धुकं. मी १/३० ठेवतो.

ओटीवर येऊन लॅपटॉप उघडतो. मुलगा शेजारी बसतो. गंमत म्हणून आधी सॉफ्टवेअरला मोकळं सोडतो: सावल्या पूर्ण वर, उजेड पूर्ण खाली, बारकावे ठासून. पडद्यावर जे येतं ते बघून तो हसतो. शेणाच्या सारवणाला केशरी चमक आलीय, कौलाखालच्या रीपा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ, आभाळ मात्र पावसाळी राखाडी. बाहेर ऑक्टोबरची दुपार चढतेय आणि फोटोत शेतापेक्षा माजघर उजळ!

“दाराच्या कडेला ही पांढरी रेघ कसली?” तो पडद्याला बोट लावतो.

मी काही सांगायच्या आधीच त्यानं बरोबर बोट ठेवलंय. गडद चौकटीभोवती उजेडाची झालर आलीय. हे सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्याचा उजेड आजूबाजूच्या सरासरीशी ताडून ठरवतं. चौकटीशी आलं की त्या सरासरीत अर्धं घर आणि अर्धं शेत येतं, हिशेब चुकतो आणि कडेला प्रभावळ उमटते. २००२ मध्ये फ्रेदो दुराँ आणि ज्युली डॉर्सी यांनी कड ओळखून थांबणारी गाळणी वापरली, तेव्हापासून हे पुष्कळ आवरलंय. तरी ‘बारकावे’ची पट्टी उजवीकडे ओढत राहिलं की प्रभावळ हजर.

“आमच्याकडं उलटं असतं,” तो म्हणतो. “सोंडेच्या वळणात, पोटाखाली गडद शेड मारायची. ती नाही मारली तर मूर्ती चपटी दिसते. तुम्ही इथली सगळी शेडच पुसलीत.”

फोटोच्या वर्गात हे शिकवायला बराच वेळ लागतो. याला ते स्प्रेगन चालवून चालवून हाताला माहीत झालंय. नजर ज्या गोष्टीला खोली म्हणते ती सावलीतून येते. प्रत्येक कोपरा सारखा उजळला की सगळं दिसतं, पण मागचं काय आणि पुढचं काय ते कळत नाही. सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते जलरंगचित्र, आपल्या मुलीला दिवा हातात धरून उभं करून केलेलं, त्यात उजळलेला भाग किती थोडा आहे! बोटांतून झिरपणारा लाल उजेड आणि चेहरा. बाकीचं हळदणकरांनी काळोखाला देऊन टाकलंय, आणि माणसं ते बघायला मुद्दाम जातात.

मी पहिलं सगळं टाकून नव्यानं बसतो. एक गोष्ट पक्की धरतो: उजेडाचा क्रम बदलायचा नाही. शेत सगळ्यांत उजळ, मग उंबरा, मग जमिनीवरचा सांडलेला उजेड, मग कळशी, मग उतरंड, शेवटी वासे. अंतरं कमी करायची, पण कुणी कुणाच्या पुढं जायचं नाही. आभाळाची एक कड पांढरी राहते, राहू दे. उन्हाकडं बघताना आपल्यालाही तिथं काही दिसत नाही. वाशांमधला एखादा कोपरा ठार काळा राहतो, तोही राहू दे. सावल्या वर उचलल्या की त्यांच्यातले रंग भडकतात, म्हणून तिथला रंग थोडा उतरवतो. बाहेरचा उजेड निळसर आहे आणि आतला जमिनीवरून उसळून तांबूस झालाय. दोन्ही एकाच पांढऱ्यावर आणायचा मोह मी आवरतो. तो तांबूसपणा गेला की घर दवाखान्यासारखं दिसायला लागतं.

मुलगा मधेच खिशातून मोबाईल काढतो, दाराकडे धरतो, एकदा टिचकी मारतो आणि मला दाखवतो. वाईट नाही. खरं सांगायचं तर मी टाकून दिलेल्या पहिल्या फोटोपेक्षा कितीतरी बरा. गूगलनं २०१३ पासून फोनमध्ये आणलेली युक्ती अशी की मुद्दाम कमी उजेडाचे बरेच फोटो झरझर घ्यायचे आणि एकावर एक बसवायचे. लोंब्यांना हलायला वेळच मिळत नाही. मोठा करून बघितल्यावर मात्र उतरंडीची मडकी मेणाची दिसतात, मातीचा खरखरीतपणा फोननं पुसून टाकलाय.

माझा फोटो तयार झाल्यावर काकूंना हाक मारतो. त्या पदराला हात पुसत येतात, वाकून बघतात. बराच वेळ.

“एवढा अंधार दाखवलाय होय?”

“असतोच ना काकू तेवढा.”

“कुठं? मला तर सगळं दिसतं. ती उतरंड, तिच्यामागं जातं, त्याच्यावर मिठाची बरणी. तुम्हाला जातं दिसलं का?”

जातं मला दिसलेलं नाही. मी परत आत जातो. उतरंडीमागं खरंच जातं आहे, त्यावर बरणी.

काकू सकाळपासून आत आहेत. बाहेरून आलेल्या डोळ्याला काळोख पुरता सरावायला अर्धा तास लागतो आणि मी दर पाच मिनिटांनी ओटीवर ये-जा करतोय. मी अगदी निगुतीनं जे ‘नैसर्गिक’ म्हणून जमवलं ते उंबऱ्यावर नुकत्याच आलेल्या पाहुण्याचं माजघर आहे. मघाशी हसून सोडलेल्या फोटोत जातं होतं का, ते बघावंसं वाटतं. बघतो. होतं.

म्हणून तो फोटो बरा ठरत नाही. काकूंना जातं दिसतं, पण त्याच वेळी शेतातली लोंबी न् लोंबी दिसत नाही. एका डोळ्याला दोन्ही एकदम मिळत नाही आणि त्या फोटोनं दोन्ही फुकट वाटलं होतं. मग प्रश्न एवढाच की फोटो कुणाच्या जागेवरून काढायचा.

मी ट्रायपॉड उचलून चुलीच्या खोलीत आणतो. काकू जिथं पाटावर बसतात तिथं, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला कॅमेरा लावतो. इथून माजघर ओलांडून दार दिसतं. मीटर उतरंडीवर धरतो, वरची बाजू फक्त दोन स्टॉप सांभाळतो. दार पांढरं होतं, चौकटीच्या कडा उजेडानं किंचित खाल्ल्या जातात. जातं आलंय, बरणी आलीय, बरणीचं झाकण चेपलेलं आहे तेही आलंय.

“बाहेरचं शेत गेलं,” मुलगा म्हणतो.

“या वेळेला जातंच ते,” काकू म्हणतात. “इथून नुसतं पांढरं दिसतं. चारला ऊन मागं गेलं की दिसायला लागतं, बांधावर कोण चाललंय ते ओळखू येतं.”

चारला इथूनच एक फोटो घ्यावा लागेल. कॅमेरा केसभरही न हलवता.

“काकू, हा ट्रायपॉड असाच राहू दे का? हलवायचा नाही.”

“चुलीपुढं ठेवलाय तो तुम्ही. मी भाकऱ्या कुठं भाजू?” त्या विचारतात. “आणि तुम्ही जेवायला आहात.”

मुलगा देवघरातून रांगोळीचा डबा घेऊन येतो आणि ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती तीन गोल काढतो.