अठ्ठेचाळीस हजारांची चार वर्षं

पाटणच्या एसटी स्टँडसमोर पावसात भिजलेला एक फ्लेक्स होता. वर हात जोडलेले नेते, मधे शाळेचं नाव आणि तळाशी पासपोर्ट फोटोंमधली, केस चापूनचोपून बसवलेली आठवीची पोरं. ‘एनएमएमएस परीक्षेत घवघवीत यश.’ असे फ्लेक्स सातारा-सांगलीत पावलोपावली दिसतात, त्यामुळे एरवी पुढे गेलो असतो. थांबलो ते शेवटच्या ओळीमुळे. ‘प्रत्येकी 48,000 रुपये शिष्यवृत्ती’ ही ओळ पोरांच्या नावांपेक्षा मोठ्या टायपात होती.

हिशोब सरळ आहे. महिन्याला हजार म्हणजे वर्षाला बारा हजार, आणि नववी ते बारावी अशी चार वर्षं धरली की अठ्ठेचाळीस. पण निकाल लागल्यापासून तो पैसा पोरांच्या पासबुकात पडेपर्यंत मधे काय होतं, याची कुठे बातमी येत नाही. वर्तमानपत्राच्या जिल्ह्याच्या पानावर सत्काराचा फोटो येतो, शाल-श्रीफळ दिसतं, अध्यक्षीय मनोगताच्या दोन ओळी छापून येतात. तिथेच गोष्ट संपते. मला पुढची बघायची होती, म्हणून ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात जाऊन बसलो.

आमच्या पिढीला ‘स्कॉलरशिप’ म्हटलं की चौथी-सातवीची परीक्षा आठवते. ती 1954-55 पासूनची. मधे ती पाचवी-आठवीला नेली, आता पुन्हा चौथी-सातवीकडे वळवली आहे. तिथे पोराची हुशारी बघतात. एनएमएमएस, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, हुशारीबरोबर घरचं उत्पन्नही बघते. केंद्र सरकारने 2008 मध्ये ती सुरू केली. देशभरात दरवर्षी एक लाख मुलं निवडायची, त्यातली 11,682 महाराष्ट्राची. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला 55 टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना 50), आणि शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. परीक्षा आठवीत असताना, बहुधा डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी होते. पेपर दोन, प्रत्येकी नव्वद प्रश्न आणि नव्वद मिनिटं. एक बौद्धिक क्षमतेचा, दुसरा विज्ञान, समाजशास्त्र आणि गणिताचा. प्रश्नपत्रिका कन्नडमध्येही मिळते. जत तालुक्यातल्या कन्नड शाळांचा विचार कुणीतरी केला आहे, एवढं बरं वाटलं.

या परीक्षेचा जादा तास शाळा भरायच्या आधी होतो. फळ्यावर संख्यामालिका, घड्याळाच्या आरशातल्या प्रतिमा, ‘गटात न बसणारे पद ओळखा’. पोरं झटपट उत्तरं देत होती. चुकलेलं पोर हसत होतं आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा हात वर करत होतं. तास घेणारे विज्ञानाचे सर. नाव छापू नका म्हणाले. “हे काय मी एकटाच करतोय व्हय? सगळ्या शाळांत कोण ना कोण आहेच.”

तास संपल्यावर सर संगणक खोलीत गेले. मी तिथेच बसून राहिलो, कारण खरं काम तिथे होतं.

ऑगस्टचे दिवस. खोलीला ओल्या कपड्यांचा, ओल्या दप्तरांचा आणि शेजारच्या शेडमधून येणाऱ्या खिचडीच्या फोडणीचा मिळून एक वास होता. टेबलावर उत्पन्नाचे दाखले, आधारच्या झेरॉक्स, पासबुकांची पहिली पानं. बरेचसे कागद दमट. सर एकेक दाखला जनरल रजिस्टरच्या पानांत घालून वरून हाताने दाबत होते. “स्कॅन करताना शिक्का फुटलेला दिसला की वरून परत येतो,” म्हणाले.

निवड झालेल्या मुलाने राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरायचा असतो. कागदावर तो मुलाने भरायचा, प्रत्यक्षात सर भरतात. आधी एकदाच करायची नोंदणी, मग अर्ज, मग शाळेची पडताळणी, मग जिल्ह्याची, आणि मग पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात. प्रत्येक पायरीला शेवटची तारीख. एका पायरीची तारीख हुकली तर आधीच्या पायऱ्या कितीही नीट केल्या असल्या तरी उपयोग नाही.

नोंदणीसाठी मोबाइलवर चेहरा दाखवावा लागतो. नववीतली एक मुलगी व्हरांड्यात फोनसमोर उभी होती. ॲप डोळे मिचकवायला सांगत होतं. मुलगी मिचकवत होती, ॲपला ते दिसत नव्हतं. बाहेर ढग उतरलेले, उजेड कमी. सर म्हणाले, “अगं बाळ, सावकाश मिचकव, इतकी घाई नको.” तिने इतक्या सावकाश डोळे मिटले की बाकीच्या पोरी फिसकन हसल्या. मग सगळी वरात पायरीपाशी, उजेडाला. तिथे उजेड होता, पण रेंज गेली. शेवटी शाळेमागच्या देवळाच्या चढावर एका ठिकाणी दोन्ही सापडलं. ती जागा सरांना पाठ आहे.

चेहऱ्यावर भागलं तर बरं. नाहीतर ओटीपी, आणि तो येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. या खोऱ्यात तो मोबाइल बापाच्या खिशात असतो, आणि बाप वाशीला. पाटण तालुक्यातल्या किती घरांचा कर्ता पुरुष मुंबई-नवी मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून गेला, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. माथाडींची संघटना उभी करणारे अण्णासाहेब पाटील याच खोऱ्यातले, मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला आणि पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी मिळाला. त्याच माणसाच्या मुलीचा अर्ज आता त्याच्या खिशातल्या फोनवर अडला होता.

सरांनी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मागे ट्रकचे आवाज.

“नमस्कार, शाळेतनं बोलतोय. एक नंबर आला असंल बघा मेसेजमधी.”

“सर, गाडी लागलीया. खाली करून करतो की फोन.”

“खाली करूस्तवर नंबर मरतोय वं! तेवढा सांगा अन् मग जावा.”

तिकडे थोडी शांतता. मग एकेक आकडा आला, मधे कुणाच्या तरी हाकेने तुटत. सर तो मोठ्याने म्हणत होते, मुलगी किबोर्डवर दाबत होती. शेवटचा आकडा दाबल्यावर पान फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मुदत संपल्याची लाल ओळ आली. सरांनी पुन्हा फोन उचलला. आवाज चढला नाही, कपाळावर आठी आली नाही. त्या दुपारचं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच. दुसऱ्यांदा जमलं. बाप म्हणाला, “झालं नव्हं? आता आठ्ठेचाळीस हजार गावत्याल ना सर?” सर म्हणाले, “गावतील, गावतील,” आणि फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाले, “बारा. आत्ता फक्त बारा.”

फ्लेक्सवरचा अठ्ठेचाळीसचा आकडा एकरकमी वाटतो. प्रत्यक्षात ते चार वेगवेगळे बारा हजार आहेत, आणि दरवर्षी नव्याने मागावे लागतात. नववीत नवा अर्ज, दहावी, अकरावी, बारावीत नूतनीकरण, ज्याला शाळेत सगळे ‘रिन्युअल’ म्हणतात. नववीतून दहावीत पहिल्या झटक्यात जायला हवं. दहावीला 60 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना 55. अकरावीला विनाअनुदानित कॉलेजात गेलं तर शिष्यवृत्ती बंद. दहावीनंतर आयटीआय किंवा डिप्लोमाला गेलं तरी बंद. हा शेवटचा नियम मला सगळ्यात टोचला. ज्या घराला पोरगं लवकर कमावतं व्हायला हवं असतं तेच घर आयटीआय निवडतं, आणि गरिबीसाठी दिलेली शिष्यवृत्ती नेमकी त्याच घराच्या हातून जाते. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बारावी-मग-पदवी असा एकच सरळ रस्ता असावा. खोऱ्यातले रस्ते तसे नसतात.

मग नावांचा घोळ. शाळेच्या रजिस्टरात बापाचं नाव ‘दत्तात्रेय’, आधारवर ‘दत्तात्रय’, बँकेत नुसता ‘दत्ता’. संगणकाला ही तीन माणसं दिसतात. मग आधार केंद्रावर रांग, बँकेत अर्ज, सेतूत पुन्हा दाखला. सरांनी यावर आपला उपाय काढला आहे. जूनमध्ये आठवी भरली की परीक्षेचा विषय काढायच्या आधीच ते प्रत्येक पोराचं आधार आणि रजिस्टर शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघतात. खातं नसेल तर पोस्टमनला शाळेतच बोलावतात. तो अंगठ्याचं मशीन घेऊन येतो आणि मधल्या सुट्टीत पोस्टाच्या बँकेची खाती उघडून जातो.

या कामाचा सरांना वेगळा मोबदला नाही. शाळेच्या अहवालात ‘शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी’ असा रकाना असतो, ‘रिन्युअल झालेले विद्यार्थी’ असा रकाना मी पाहिला नाही. जे मोजलं जात नाही ते कुणी केलं नाही तर कळतही नाही, आणि इथे सरांचं मोठेपण फक्त त्यांना आणि त्या पोरांना माहीत आहे.

दुपारी एका मुलीची आई आली. लावणीतून उठून आलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावरचं इरलं तिने भिंतीला टेकवलं आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. “आत या की ताई,” सर म्हणाले. “न्हाय सर, फरशी खराब हुईल.” पिशवीतल्या पिशवीतून तिने दाखला काढला. तिची मुलगी निवड यादीत आली नव्हती. पात्रतेचे गुण होते, पण शिष्यवृत्त्या जिल्हावार आणि प्रवर्गवार ठरलेल्या. तिचा नंबर खाली राहिला. अशा मराठा-कुणबी मुलांना ‘सारथी’ संस्था छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती देते. महिन्याला 800, वर्षाला 9,600. त्याचा अर्ज वेगळा, कागद बरेचसे तेच.

मी आईला विचारलं, पैसे आले तर काय करणार? एसटीचा पास मुलींना फुकट आहे, त्यामुळे तो खर्च नाही. म्हणाली, “गाईड घ्यायचं, चपला घ्यायच्या. उरलं तर ऱ्हाऊ द्यायचं बारावीपतुर.” आणि जरा थांबून, “पैसं तिच्या नावावर येत्यात. आमच्या घरात बाईच्या नावावर पैला पैसा तिचाच.”

साताऱ्याला शिक्षणासाठी केलेल्या त्यागाच्या गोष्टी फार आवडतात, आणि त्या खऱ्या आहेत. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं बोर्डिंग सुरू केलं. त्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही काढून दिलं. दरवर्षी भाषणांत हे येतं, डोळे पाणावतात. मला त्या दमट खोलीत वाटलं, की आता पोराला शिकवायला कुणी मंगळसूत्र विकायची गरज नाही, सरकारने पैसा ठेवलेला आहे; गरज आहे ती पासवर्ड लक्षात ठेवणाऱ्या, तारखा पाळणाऱ्या आणि वाशीला तीनदा फोन लावणाऱ्या माणसाची. या त्यागाची गोष्ट रंगत नाही, म्हणून भाषणात येत नाही.

आणि पैसा तरी किती? 2008 मध्ये महिन्याला 500 होते. 1 एप्रिल 2017 पासून 1,000 झाले. त्यानंतर गाईडं महागली, चपला महागल्या, आकडा जागचा हललेला नाही. अठ्ठेचाळीस हजार हा शब्द भरघोस आहे, म्हणून तो फ्लेक्सवर शोभतो. महिन्याचा हजार फ्लेक्सवर शोभणार नाही.

सत्कार करू नका असं मी म्हणणार नाही. आठवीच्या पोराला स्टँडवर आपला फोटो बघून जे वाटतं त्याचं मोल मोठं आहे. पण जे पुढारी आणि माजी विद्यार्थी फ्लेक्सला पैसे देतात त्यांनी तेवढ्याच पैशांत शाळेला एक चांगला स्कॅनर आणि रेंज येईल असं इंटरनेट दिलं, तर दहावी-अकरावीत गळणारी काही रिन्युअल वाचतील.

आणि ज्यांच्या घरात किंवा भावकीत यंदा आठवीचं पोर आहे, त्यांना एवढंच सांगणं: उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढा. आधार, शाळा आणि बँक, तिन्हीकडे नाव एकसारखं आहे का बघा. आधारला जोडलेला नंबर बंद पडू देऊ नका, आणि जमलं तर तो गावात राहणाऱ्या माणसाचा ठेवा. दहावीनंतर डिप्लोमाचा किंवा कॉलेजचा फॉर्म भरायच्या आधी शाळेतल्या सरांना एकदा विचारा. आणि नववीत पैसे आले म्हणून निर्धास्त राहू नका. दहावीचा अर्ज पुन्हा भरायचा आहे.